स्टेनलेस स्टीलला घरी भोक पाडणे

हातात धरायचे विजेचे ड्रिल मशीन, धातूसाठीचा बिट, सेंटर पंच, हातोडी, क्लॅम्प आणि थोडे तेल एवढ्या सामग्रीवर स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला, नळीला किंवा पट्टीला गोल व स्वच्छ कडेचे भोक पाडण्याची कृती. लाकूड, ॲल्युमिनियम किंवा साधे लोखंड यांवर काम करून हाताला जी सवय लागते, ती येथे नडते. या नोंदीत पुण्याजवळील ताथवडे परिसरातील घरांची गरज मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवली आहे.

मुंबई–बंगळुरू महामार्गालगत, वाकड आणि पुनावळे यांच्या शेजारी असलेले ताथवडे 2009 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. आज येथे उंच गृहसंकुले दाटली आहेत. जेथे बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येते, तेथे आरओ यंत्र आलेच आणि त्याच्या बारीक नळासाठी स्टीलच्या सिंकला भोक पाडण्याची वेळही आली. बाल्कनीच्या रेलिंगला कबुतरांच्या जाळीचे हुक, दारावरची स्टीलची पाटी, पाण्याच्या पिंपाला तोटी, स्वयंपाकघरातील ट्रॉलीची पट्टी अशी कामे निघतात ती वेगळीच. गावाच्या एका अंगाला हिंजवडी, तर दुसऱ्या अंगाला चिंचवड-भोसरीची एमआयडीसी. भोसरीच्या लहान वर्कशॉपमध्ये असली भोके दिवसभर पाडली जातात. तेथील पिलर ड्रिलवर पट्टा एका पुलीवरून दुसरीवर चढवून वेग उतरवता येतो, जॉब व्हाइसमध्ये आवळलेला असतो आणि धारेवर कूलंट सुटत असते. घरी यांतले काहीच नसते. कमी वेग, घट्ट पकड आणि तेल या तीन गोष्टी हाताने भरून काढणे हाच घरगुती कामाचा गाभा आहे.

धातूचा स्वभाव. भांड्यांवर 18/8 असा शिक्का असतो त्या 304 जातीच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि गंज थांबतो; निकेलमुळे धातूची अंतर्रचना ऑस्टेनाइट प्रकारची राहते. हीच रचना ड्रिलला जड जाते. दाब पडला, घर्षण झाले की ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट या कठीण रूपात बदलतो आणि उरलेला भागही ताणाने कडक होत जातो. बोथट बिट जागच्या जागी घासत राहिला तर भोकाच्या तळाशी चकचकीत, कडक कातडे तयार होते आणि मग चांगला बिटही त्यावरून नुसता घसरतो. भारतात रेलिंग व स्वस्त भांड्यांसाठी निकेल कमी करून मँगॅनीज वाढवलेली 200 मालिकेतील स्टील फार वापरली जातात. ती या बाबतीत 304 पेक्षाही हट्टी असतात. लोहचुंबक जोरात चिकटला तर स्टील बहुधा 430 सारख्या निकेल नसलेल्या जातीचे असते आणि त्याला भोक पाडणे तुलनेने सोपे जाते. मात्र 304 चा पत्राही वाकवलेल्या कोपऱ्यापाशी चुंबकाला थोडी ओढ दाखवतो, म्हणून चाचणी सपाट भागावर घ्यावी.

ठोकल्याने धातू कडक होतो हे पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भांडे मठारताना तांबे ताठर झाले की तांबट ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतो आणि काम पुढे नेतो. 304 ला असे मऊ करायला 1000 अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते. बसवलेल्या सिंकला किंवा रेलिंगला तो मार्ग बंद. त्यामुळे पृष्ठभाग कडक होऊच न देणे एवढेच हाती उरते.

दुसरी अडचण उष्णतेची. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता साध्या लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. कापताना निर्माण झालेली उष्णता पत्र्यात पसरत नाही, धारेपाशीच साठते. हायस्पीड स्टीलचा बिट साधारण 600 अंशांपर्यंत कठीणपणा टिकवतो. त्यापुढे तो मऊ पडतो, टोक निळेकाळे होते. कारागिरांच्या भाषेत बिट जळतो.

वेग. सर्वाधिक बिट येथेच वाया जातात, म्हणून हा हिशेब नीट पाहावा. हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार या धातूवर मिनिटाला सुमारे 10 ते 15 मीटर वेगाने फिरावी. साध्या लोखंडावर ती याच्या दुप्पट वेगाने चालते. धारेचा मिनिटाचा वेग मीटरमध्ये घेऊन त्याला 1000 ने गुणावे आणि मिलिमीटरमधील व्यास व 3.14 यांच्या गुणाकाराने भागावे. मिनिटाला किती फेरे हवेत ते निघते. 12 मीटर वेग धरला तर 3 मिमी बिटाला सुमारे 1270, 5 मिमीला 760, 8 मिमीला 480 आणि 12 मिमीला 320 फेरे येतात. घराघरांत असलेल्या लहान ड्रिल मशीनचा पूर्ण वेग मात्र 2600 फेऱ्यांच्या आसपास असतो. तो तसाच सोडला तर 5 मिमी बिटाची धार मिनिटाला 40 मीटरच्या पुढे जाते, म्हणजे हव्या वेगाच्या तिपटीहून जास्त. भिंतीत खुंटी बसवताना ट्रिगर पूर्ण दाबायची सवय झालेली असते. ती येथे सोडावी लागते. कमी-जास्त वेगाचा ट्रिगर असलेले मशीन, किंवा खालच्या गिअरवर सुमारे 400 फेऱ्यांपर्यंत चालणारा बॅटरीवरील ड्रायव्हर यासाठी उत्तम. केवळ एकच वेग असलेल्या मशीनवर 3–4 मिमीच्या पुढे जाऊ नये. हॅमरचे बटण बंद असल्याची खात्री प्रत्येक वेळी करावी. आघाताने धार तुटते आणि पत्रा जागीच कडक होतो.

बिट. भिंतीचा, टोकाला कार्बाइडचा तुकडा बसवलेला बिट येथे निरुपयोगी आहे. नवा, धारदार हायस्पीड स्टीलचा बिट दोन-चार भोकांना पुरतो. काम जास्त असेल तर 5 टक्के कोबाल्टचा एम35 किंवा 8 टक्के कोबाल्टचा एम42 घ्यावा. सोनेरी रंग हे टायटॅनियम नायट्राइडच्या मुलाम्याचे लक्षण आहे. त्यावरून आतला धातू कोबाल्टचा ठरत नाही. बाजारात ही गल्लत नेहमी होते. टोकाचा कोन 118 ऐवजी 135 अंश आणि टोक दुभंगलेले असेल तर फार फरक पडतो. बिटाच्या अगदी मध्यावर फिरण्याचा वेग शून्य असतो. तेथील आडवी कड कापत नाही, धातू नुसता ढकलते. दुभंगलेल्या टोकात ही कड आखूड होते, बिट भटकत नाही आणि जोरही कमी लागतो. अमेरिकेत स्टीफन मोर्सने 1863 मध्ये पेटंट घेतलेला पीळदार बिट आणि शतकाच्या अखेरीस टेलर व व्हाइट यांनी घडवलेले हायस्पीड स्टील हेच आजही या कामाचे मूळ साधन आहे. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा चिंचवडच्या टूल्सच्या दुकानात बिट सुटे मिळतात. संच घेण्यापेक्षा लागणाऱ्या मापाचे दोन चांगले कोबाल्ट बिट घेणे शहाणपणाचे.

कृती. जागेवर कागदी चिकटपट्टी लावून खूण करावी. पट्टीमुळे पॉलिशवर ओरखडे पडत नाहीत. पत्र्यामागे जाड लाकडाचा ठोकळा धरून सेंटर पंचावर एकच नेमका ठोका द्यावा. वारंवार ठोकले तर तेवढा बिंदू कडक होतो. सुटा पत्रा लाकडावर ठेवून दोन क्लॅम्पनी आवळावा. हाताने धरलेला पत्रा बिटात अडकून गरकन फिरतो आणि बोटे कापतो. खुणेवर तेलाचे थेंब सोडून मशीन काटकोनात धरावे, आधी दाब द्यावा आणि मग हळू फिरवायला सुरुवात करावी. बिट फिरत असेल तोवर तो कापतच असला पाहिजे. दाब सैल झाला की तो घासू लागतो आणि कडक कातडे धरते. जोर देता येत नसेल त्या क्षणी मशीन थांबवावे.

काम बरोबर चालले आहे की नाही हे चिप, म्हणजे कापून बाहेर पडणारा धातूचा छिलका, सांगते. रुपेरी किंवा फिकट पिवळसर, सलग गुंडाळत येणारी चिप म्हणजे सारे ठीक. निळी चिप म्हणजे वेग जास्त. भुकटी पडू लागली किंवा धूर व किंचाळता आवाज येऊ लागला तर बिट बोथट झाला. 6 मिमीपर्यंतचे भोक थेट पाडता येते. त्याहून मोठ्यासाठी आधी 3 मिमीचे भोक घ्यावे आणि मग एकदम शेवटच्या मापाला जावे. अर्ध्या-अर्ध्या मिमीने वाढवत गेल्यास प्रत्येक बिटाला आधीच कडक झालेली कड खरवडावी लागते. आरपार जाण्याच्या बेतात बिट ओढ घेतो. तेव्हा दाब हलका करावा, पण पूर्ण काढू नये. मध्येच चकाकी धरली असेल तर नवा कोबाल्ट बिट लावून, सर्वांत कमी वेगाने, अंगाचा भार देऊन ती फोडावी. शक्य असल्यास उलट्या बाजूने सुरुवात करावी.

तेल म्हणून गंधकयुक्त घट्ट कटिंग ऑइल सर्वोत्तम. ते नसेल तर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल घरच्या दोन-चार भोकांना पुरते, आणि अन्नाशी संबंध येणाऱ्या भांड्यांसाठी खाद्यतेलच योग्य. नुसते पाणी थंड करते, पण वंगण देत नाही. शिवाय विजेचे मशीन हातात असताना ते जवळ नसलेलेच बरे.

सिंक. सिंकचा पत्रा बहुधा 1 मिमीच्या आसपास असतो. एवढ्या पातळ पत्र्यात जाड पीळदार बिट चालवला तर टोक आरपार गेल्यावर बिटाच्या कडांना आधार उरत नाही आणि भोक तिकोनी होते. आरओच्या नळाला लागणाऱ्या सुमारे 12 मिमी भोकासाठी म्हणून पायऱ्यांचा शंकूसारखा स्टेप बिट वापरावा. 4 मिमीने पायलट, म्हणजे आधीचे लहान भोक, घेऊन, तेल देत, एकेक पायरी उतरवत जावे. हव्या मापाच्या पायरीवर चिकटपट्टीची खूण केलेली असली म्हणजे पुढची पायरी चुकून उतरत नाही. मिक्सर नळाला 35 मिमी लागतात. तेथे धारेच्या हिशेबाने मिनिटाला जेमतेम 110 फेरे येतात आणि होल-सॉ इतक्या हळू, तरी जोराने फिरवणे साध्या घरगुती मशीनला जमत नाही. हे काम प्लंबरवर सोपवावे. सिंक ओट्याच्या ग्रॅनाइटखाली बसवलेले असेल तर नळ दगडात येतो. त्यासाठी हिऱ्याचा कोअर बिट आणि पाणी लागते, आणि ती कृती सर्वस्वी वेगळी आहे. सुरुवात करण्यापूर्वी सिंकखालच्या नळ्या व वायरी बाजूला कराव्यात.

रेलिंगच्या गोल नळीवर बिट घसरतो, म्हणून खुणेवर कानशीने इवलासा सपाट भाग करून मग पंच मारावा. बाल्कनीत काम करताना मशीन खाली पडू नये म्हणून लावलेली दोरी मनगटाला नको, रेलिंगच्या आतल्या खांबाला बांधावी.

कड आणि गंज. भोकाच्या दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उठून राहिलेला धातू, वस्तऱ्यासारखी धारदार असते. मोठ्या मापाचा बिट हाताने दोन-तीन वेळा फिरवून ती काढावी, मग बारीक पॉलिश कागद फिरवावा. साध्या लोखंडावर चाललेली कानस किंवा लोखंडी घासणी येथे लावू नये. तिचे कण रुततात आणि काही दिवसांत भोकाभोवती तांबूस डाग उमटतात. दोष स्टीलला दिला जातो, पण गंज त्या कणांचा असतो. बुरा ब्रशने गोळा करावा, फुंकू नये. शेवटी साबणाने धुऊन सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूफुलाच्या, कोमट द्रावणाने कड पुसावी आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. उघड्या झालेल्या कडेवर क्रोमियम ऑक्साइडचा थर हवेत आपोआप धरतो. संडास साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड सिंकवर कधीही घालू नये. ते हा थर फोडते आणि धातूत खड्डे पाडते.

डोळ्यांवर चष्मा हवाच. हातात सुती मोजे घालू नयेत. फिरत्या बिटात धागा सापडला तर बोट ओढले जाते. ओढणी, पदर आणि मोकळे केस बांधून घ्यावेत. प्रेशर कुकर, गॅसच्या शेगडीचे व सिलिंडरचे भाग, तसेच दुहेरी भिंतीचे थर्मास यांना घरी भोक पाडू नये. 3 मिमीहून जाड पट्टी किंवा नेमक्या मापाची अनेक भोके असतील तर वस्तू भोसरीच्या किंवा चिंचवडच्या एखाद्या वर्कशॉपमधून पिलर ड्रिलवर करून आणावी.