ट्राबांट : टंचाईतून घडलेली छोटी मोटार

स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून भरण्याचे दिवस तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ‘ट्राबांट’ या मोटारीतही तसेच मिश्रण लागे. पूर्व जर्मनीतील त्स्विकाऊ येथे ती १९५७ ते १९९१ या काळात तयार होत होती. पोलादी पत्र्याची टंचाई असल्याने सांगाडा पोलादाचा ठेवून बाहेरचे बरेचसे पॅनेल ड्युरोप्लास्टचे केले गेले. हे साहित्य टाकाऊ कापूस व फिनॉलिक रेझिन एकत्र दाबून बनवीत. ते गंजत नसे.

१९६४च्या ‘६०१’ मॉडेलचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन सुमारे ६०० सीसीचे होते. ते हवेने थंड होई, म्हणून रेडिएटर नव्हता. टाकी इंजिनाहून उंच असल्याने पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने उतरे. फ्युएल पंपाचीही गरज नव्हती. भाग मोजकेच, त्यामुळे बरीच दुरुस्ती मालक स्वतःच करत. म्हणूनच चाहते आजही तिच्याबद्दल जिव्हाळ्याने बोलतात.

पण बॉनेटखालची टाकी अपघातात धोक्याची होती, धूरही फार होई. अभियंत्यांनी सुधारित नमुने तयार केले, परंतु सत्ताधाऱ्यांनी ते उत्पादनात जाऊ दिले नाहीत. ग्राहक मात्र गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबत राहिले. तेव्हा एखादी रचना अभ्यासताना ती कोणत्या अडचणीतून आली आणि पुढे का बदलली नाही, हे दोन्ही प्रश्न विचारा.