काळी लोकर, पांढरी लोकर: दख्खनी मेंढीला ‘सुधारायचं’ म्हणजे नेमकं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलता बोलता झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. चांगली लोकर कशाला म्हणायचं? मऊ असेल तिला, की पांढरी असेल तिला? उत्तर द्यायची घाई करू नका, कारण या एका प्रश्नावर आपल्याकडे बरीच वर्षं आणि बराच सरकारी पैसा खर्च झालाय.

मी लासूर स्टेशनचा. आमच्या भागात पिकं निघाली की धनगरांचे वाडे येतात आणि शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात. यातल्या बऱ्याच मेंढ्या दख्खनी. काळ्या, नाहीतर काळ्या-पांढऱ्या, उंच पायांच्या, दिवसभर चालणाऱ्या. पुस्तकी हिशोबाने यांची लोकर अगदीच सुमार. मेंढीमागे वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास निघते, तीही जाडीभरडी. मेरिनो मेंढीचा धागा साधारण २० मायक्रॉनचा, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड आणि त्यात केसांची भेसळ. याचं स्वेटर घातलं तर अंग खाजून खाजून जीव जाईल.

पण या लोकरीचं कुणी स्वेटर करतच नव्हतं! तिची घोंगडी व्हायची. सनगर समाजाचे विणकर ती मागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करायचे. घट्ट विणीची ती घोंगडी मेंढपाळ पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायचा, रात्री अंथरायचा, थंडीत पांघरायचा. या कामाला जाड धागाच लागतो. रंग तर निसर्गानेच काळा दिलेला, धुऊन जाणार कुठे? म्हणजे घोंगडीच्या मापाने दख्खनी लोकर उत्तमच होती. पण माप दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं.

गिरण्यांना हवी होती पांढरी आणि बारीक लोकर. पांढरी, कारण तिला हवा तो रंग देता येतो. बारीक, कारण त्यातून सुटाचं कापड निघतं. जगात या कामात पहिला नंबर स्पेनच्या मेरिनोचा. १७८६ मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईने स्पेनहून मेरिनो आणवून रांबुये इथे कळप उभा केला, त्यातून रॅम्बुले ही जात आली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही हेच मॉडेल आलं. १९६२ मध्ये राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था सुरू झाली. मेरिनो आणि रॅम्बुलेचे नर आणून देशी मेंढ्यांशी संकर सुरू झाले, आणि ते महाराष्ट्रातही झाले. १९७८ मध्ये राज्याचं मेंढी विकास महामंडळ आलं. त्याचं एक प्रक्षेत्र आपल्या संभाजीनगरजवळ पडेगावला आहे.

हेतू वाईट नव्हता. पण निवड पद्धतीने जनावर घडवताना एक गोष्ट विसरून चालत नाही. तुम्ही एक गुण निवडता, पण त्यासोबत अख्खं जनावर येतं. आम्ही कोड लिहिणारे लोक याला ओळखतो. एकच आकडा वाढवायला बसलं की दुसरीकडे काहीतरी मोडतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण मेंढीचं नाही, मिंकचं आहे. मिंक म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, अमेरिकेतला छोटा मांसाहारी प्राणी. त्याच्या कातडीचे महागडे कोट होतात, म्हणून त्याला पिंजऱ्यात पाळतात. मूळ रंग गडद तपकिरी. १९३१ मध्ये एका फार्मवर निळसर करड्या रंगाचं पिल्लू जन्मलं आणि १९४१ च्या सुमारास ‘अल्यूशियन’ नावाचा आणखी एक पोलादी रंग सापडला. दोन्ही रंग अप्रभावी जनुकांचे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही तेच जनुक आलं तरच रंग दिसतो. दोन्ही पालक नुसते वाहक असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू तसं निघतं. पाळणाऱ्यांनी दोन्ही रंग एकत्र करून ‘सफायर’ बनवला आणि तो जोरात खपला.

मग कळलं की अल्यूशियन जनुक नुसता रंग बदलत नाही, ते शरीराच्या संरक्षक पेशींमध्येही गडबड करतं. १९५६ मध्ये मिंकमधल्या एका रोगाची नोंद झाली. तो विषाणूजन्य निघाला. होतो सगळ्याच रंगांच्या मिंकला, पण या रंगाच्या जनावरांना फार जास्त छळतो. रोगाचं नावच पडलं अल्यूशियन डिसीज. गिऱ्हाइकाने रंगाचे पैसे मोजले आणि जनावराने प्रतिकारशक्तीने. (आपल्या देशाने २०१७ मध्ये मिंकच्या कातडीची आयात बंद केली, हेही जाता जाता सांगतो.)

आता परत दख्खनला येऊ. इथे अडचण रोगाची नव्हती, हिशोबाची होती. बारीक लोकरीची मेंढी मैलोन्‌मैल चालणाऱ्या, पावसात उघड्यावर बसणाऱ्या कळपासाठी घडवलेलीच नाही. आणि दरम्यान बाजारच फिरला. सिंथेटिक ब्लँकेट आलं, प्लॅस्टिकचा कागद आला, घोंगडीची मागणी घसरली. आज अनेक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. मेंढपाळाचं पोट चालतं ते कोकरं विकून. म्हणजे आपण लोकर सुधारत बसलो होतो आणि मेंढपाळ कोकरं मोजत होता.

हा प्रश्न उलटा करून विचारला साताऱ्यातल्या फलटणच्या ‘नारी’ने, म्हणजे निंबकर कृषी संशोधन संस्थेने. बी. व्ही. निंबकर यांनी ती १९६८ मध्ये स्थापन केली. त्यांची मुलगी डॉ. चंदा निंबकर (इरावती कर्वे यांची नात!) यांनी मेंढ्यांवर काम केलं. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. जुळी मिळाली तर?

जुळ्यांचं जनुक सापडलं सुंदरबनच्या लहानखुऱ्या गारोळ मेंढीत. आणि त्याची गोष्ट भन्नाट आहे. १७९२-९३ मध्ये कोलकात्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या. त्यांचं रक्त तिथल्या मेरिनोत मिसळलं असावं, असं अभ्यासक मानतात. पुढे ‘बुरूला’ नावाच्या ऑस्ट्रेलियन फार्मवरच्या मेरिनो जुळी-तिळी देण्यासाठी गाजल्या. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी कारण शोधलं. डीएनएमध्ये फक्त एक अक्षर बदललेलं, ए च्या जागी जी. या बदलाला फेक-बी म्हणतात. नंतर तपासलं तर गारोळमध्येही हुबेहूब तोच बदल!

फलटणला गारोळ आणि दख्खनीचा संकर झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने रक्ताच्या नमुन्यावरून जनुक ओळखता येऊ लागलं. म्हणजे मेंढी विण्याची वाट बघायला नको आणि नर कोकराचीही परीक्षा होते. पुढे मांसासाठी बन्नूर आणि दुधासाठी अवासी जातीचं रक्तही आलं. या वाणाचं नाव ‘नारी सुवर्णा’.

पण इथेही तोच नियम लागू आहे, बरं का. जनुकाची एक प्रत असली तर एका वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं मिळतात. दुसरी प्रत आली की बीजं आणखी वाढतात, पण मेंढीला सड दोनच! जुळी जगवायची तर आईला जास्तीचा चारा हवा, कोकरांवर लक्ष हवं. रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्याला ते सोपं नाही. जनुक फुकट मिळतं, चारा नाही.

मला वाटतं, मिंक आणि मेंढी दोघांची गोष्ट एकच सांगते. ‘चांगलं’ हा गुण जनुकात लिहिलेला नसतो. तो ठरवतो माप हातात असलेला माणूस. काळी जाड लोकर घोंगडीवाल्यासाठी सोनं होती, गिरणीसाठी कचरा. म्हणून कुणी ‘सुधारित वाण’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारा: कुणासाठी सुधारित? आणि त्याची किंमत कोण मोजणार?

तुमच्या घरी जुनी घोंगडी असेल तर ती कुणी विणली, कुठून आणली, हे आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!