लिंगाणा आरोहणमार्ग

लिंगाणा हा रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, रायगड आणि तोरणा यांच्या दरम्यान उभा असलेला सुळकेवजा गिरिदुर्ग आहे. शिवलिंगासारख्या आकारावरून त्याला हे नाव पडले. शिवकाळात येथे कारागृह होते. वर चढण्याची प्राचीन खोदीव वाट इंग्रजांनी १८१८ नंतर उद्ध्वस्त केली असे सांगतात. त्यामुळे आज माथा गाठण्यासाठी प्रस्तरारोहण करावे लागते.

घाटमाथ्यावरील मोहरी गावातून बोराट्याच्या नाळेने उतरणे हा प्रचलित मार्ग. ही नाळ म्हणजे सुट्या दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याच्या अंगावर येतो, म्हणून दोघांनी एकाच रेषेत उतरू नये. नाळ अर्ध्यावर सोडून कड्याच्या पोटातील अरुंद आडवाटेने रायलिंग पठार व लिंगाणा यांच्यामधील खिंडीत पोहोचता येते. अनेकांची निम्मी शक्ती येथेच खर्ची पडते.

खिंडीतून खरी चढाई सुरू होते. बेसॉल्टचा कातळ, मधूनमधून मुरमाड घसारा आणि वाळलेले गवत असे तिचे स्वरूप आहे. वाटेत गुहा व पाण्याची टाकी आहेत. पूर्वीच्या आरोहकांनी ठोकलेल्या मेखा कोकणच्या पावसात गंजतात. त्यांवर भार टाकण्यापूर्वी त्या तपासणे अनिवार्य ठरते. माथ्यावर पोहोचण्यास उशीर झाल्यास दोरावरून उतरणे आणि नाळ चढणे अंधारात करावे लागते. तेव्हा ठरावीक वेळी, माथा हाताशी असला तरी, माघारी वळणे हेच शहाणपणाचे. पावसाळ्यात हा मार्ग वर्ज्य आहे.