फ्लेक्स फ्युएल म्हणजे काय? ब्राझीलने पेट्रोलची सवय कशी मोडली

पेट्रोल पंपावर 'ई२०' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, म्हणून हा खटाटोप. पण देशपातळीवर हा प्रयोग ब्राझीलने पन्नास वर्षांपूर्वीच सुरू केला. त्यात ते एकदा चांगलेच आपटले, आणि नंतर गाडीतल्या एका सॉफ्टवेअरने त्यांना सावरलं. कसं ते पाहूया.

सुरुवात कुठून झाली?

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखून धरलं आणि काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाला. ब्राझील तेव्हा सुमारे ८० टक्के तेल आयात करत होता. ऊस मात्र भरपूर होता. त्यातच १९७४ नंतर साखरेचे जागतिक भाव पडले, त्यामुळे कारखानदारही अडचणीत होते. तिथल्या लष्करी सरकारने १४ नोव्हेंबर १९७५ ला 'प्रोआल्कूल' ही योजना आणली. थोडक्यात, तेल वाचवायचं आणि साखरवाल्यांनाही वाचवायचं. महाराष्ट्रातल्या माणसाला हे गणित नवीन नाही!

आधी फक्त मिश्रण होतं. १९७९ मध्ये तेल पुन्हा भडकलं तेव्हा पूर्ण इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ ही कार बाजारात आली. थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही, म्हणून गाडी सुरू करण्यापुरती पेट्रोलची छोटी टाकी वेगळी दिलेली असायची. सरकारने पंपावर इथेनॉल स्वस्त ठेवलं आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊ नव्या कार इथेनॉलच्या विकल्या जात होत्या.

मग गडबड कुठे झाली?

१९८६ मध्ये कच्चं तेल स्वस्त झालं. सरकारला इथेनॉलचा खर्च जड वाटायला लागला. पुढे साखरेचे भाव वाढले, तेव्हा कारखान्यांनी उसाची साखर करणं पसंत केलं. १९८९-९० मध्ये पंपांवर इथेनॉलच मिळेना. लांबच लांब रांगा लागल्या. लोकांची खरी अडचण ही होती की त्यांच्या गाडीत पेट्रोल भरून चालत नव्हतं. सरकारवर विश्वास ठेवून लाखो लोकांनी गाड्या घेतल्या आणि त्याची शिक्षा त्यांनाच झाली. पुढच्या काही वर्षांत इथेनॉल कारची विक्री जवळपास शून्यावर आली.

फ्लेक्स इंजिन नेमकं काय करतं?

१ किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त सोडावं लागतं. जुन्या कार्ब्युरेटरला हे प्रमाण चालता चालता एवढं बदलता यायचं नाही. पण २००३ मध्ये ब्राझीलमध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल 'टोटल फ्लेक्स'मध्ये हे काम कॉम्प्युटर करतो. धुरात किती ऑक्सिजन उरला आहे हे सेन्सर मोजतो, त्यावरून ईसीयू टाकीतल्या मिश्रणाचा अंदाज घेतो आणि इंधन किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा ते ठरवतो. सेन्सर बहुतेक गाड्यांमध्ये आधीपासून होताच, नवीन होतं ते सॉफ्टवेअर. काही वर्षांतच तिथल्या बहुतेक नव्या कार फ्लेक्स झाल्या.

आता निर्णय ग्राहकाच्या हातात आला. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे तिथे ७० टक्क्यांचा साधा नियम चालतो: पेट्रोल १०० ला असेल तर इथेनॉल ७० च्या खाली असेल तरच भरायचं. हा हिशोब करणारी मोबाइल ॲप्ससुद्धा आहेत. ऊस महागला की लोक पेट्रोलकडे वळतात, रांगा लागत नाहीत.

अर्थात सगळं श्रेय उसाला देऊ नका. ब्राझीलने समुद्रातून स्वतःचं तेलही खूप काढलं. आणि ट्रकना लागणारं डिझेल तो आजही काही प्रमाणात आयात करतो.

आपल्याकडे काय?

डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी झाल्यावर, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते. म्हणजे साखर की इथेनॉल ही ओढाताण इथेही आहे. फरक एवढाच की आपल्या गाड्या मुळात पेट्रोलच्या असल्याने त्या बंद पडल्या नाहीत.

पण पंपावर निवडही फारशी नाही. ई२० ची तयारी सुरू असताना नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या कारचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं, दुचाकीचं ३ ते ४ टक्के. माझ्या मते खरा प्रश्न इथेनॉल चांगलं की वाईट हा नाही. मायलेज घटत असेल तर तेवढा भाव कमी का होत नाही, हा आहे.

तुमची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर युजर मॅन्युअलमधलं इंधनाचं पान एकदा उघडून बघा. तिथे ई१० लिहिलं असेल, तर रबरी पाइप आणि सील पुढच्या सर्व्हिसिंगला तपासायला सांगा.