खिशातला रेडिओ आणि मधला डोंगर: पेण ते रोहा

आज आपण ज्या वस्तूबद्दल बोलणार आहोत ती तळहातात मावते. हौशी रेडिओचा, म्हणजे सगळे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, हातात धरायचा संच. हल्ली तो काही हजारांत मिळतो. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं, खोकं उघडलं, बॅटरी चार्ज केली, बटण दाबलं की झालं काम. तसं होत नाही. का होत नाही हे कळायला थोडा इतिहास लागतो आणि थोडा भूगोल. भूगोलासाठी मी रायगड जिल्ह्यातली दोन गावं घेतली आहेत, पेण आणि रोहा.

पहिला प्रश्न असा, की खिशात मोबाइल असताना हे हवंच कशाला? 3 जून 2020 हा दिवस आठवा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. विजेचे खांब आडवे झाले, जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक दिवस वीज नव्हती आणि तिच्यापाठोपाठ फोनही गेले. मोबाइल हासुद्धा रेडिओच आहे, पण त्याला मनोरा लागतो आणि मनोऱ्याला वीज. हॅमचे दोन संच मात्र मध्ये कुणी नसताना एकमेकांशी थेट बोलू शकतात. जुलै 1989 मध्ये अंबा नदीला महापूर आला, जांभूळपाडा आणि नागोठणे परिसरात हाहाकार झाला, तेव्हा तर मोबाइल हा शब्दही आपल्याकडे नव्हता. वरच्या गावाची खबर खालच्या गावाला वेळेत पोचणं याची किंमत अंबेकाठच्या लोकांना वेगळी सांगावी लागत नाही.

आता इतिहासाकडे येऊ. आपल्याकडे सरकारने बिनतारी प्रक्षेपकाकडे सुरुवातीपासून संशयाने पाहिलं. 1933 च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय संच नुसता जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरला. 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि हौशी लोकांचे परवाने काढून घेतले गेले. पण हात शिकलेले होते, ते कसे काढून घेणार? ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्यात नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या, पूर्वी हौशी परवाना असलेल्या माणसाचं तांत्रिक ज्ञान कामी आलं. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत बदलत हे केंद्र 12 नोव्हेंबरपर्यंत चाललं.

त्या केंद्राची लहर होती 42.34 मीटर. हिशेब केला तर ती साधारण 7.08 मेगाहर्ट्झ येते. म्हणजे हॅम लोक आजही जो 40 मीटरचा पट्टा वापरतात, त्यातलीच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

त्याच युद्धात तिकडे अमेरिकेत मोटोरोलाने सैन्यासाठी हातात धरायचा संच बनवला, हँडी-टॉकी. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आणि जमिनीवर पल्ला फार तर दीड-दोन किलोमीटर. पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आली, आणि 1980 च्या सुमारास हॅम लोकांच्या हातात खरोखर सुटसुटीत संच आले. हे संच मुख्यतः 2 मीटरच्या लहरींवर चालतात. आपल्याकडे त्यासाठी 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे.

संच लहान झाला, पण त्या बदल्यात एक गोष्ट गेली. 40 मीटरची लहर दिवसा आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून परत खाली येते. डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे पडते. 2 मीटरची लहर तसं करत नाही. ती जवळजवळ नजरेसारखी सरळ जाते. मध्ये डोंगर आला की संपलं.

म्हणूनच पेण आणि रोहा. दोन्ही गावांमधलं हवाई अंतर सुमारे 33 किलोमीटर. पेण भोगावतीच्या काठी, रोहा कुंडलिकेच्या काठी, मध्ये नागोठण्याला अंबा. आणि अंबेचं खोरं नि कुंडलिकेचं खोरं यांच्यामध्ये डोंगरांची रांग. एक सोपं सूत्र आहे. ॲंटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 4.12 ने गुणा. तेवढे किलोमीटर रेडिओचं क्षितिज. माणसाने उभं राहून तोंडाशी धरलेला संच दीड मीटरवर असतो, म्हणजे 5 किलोमीटर. समोरच्याचे 5 धरा, झाले 10. पेणच्या बाजारातून रोह्याच्या स्टेशनवर बोलणं याने जमायचं नाही, बॅटरी कितीही भरलेली असो.

आता रोह्याच्या उत्तरेला अवचितगड आहे, सुमारे 300 मीटर उंच. त्याच सूत्राने तिथून क्षितिज 70 किलोमीटरच्या पुढे जातं. पूर्वी लोकांनी गड कुठे बांधले आणि आज रिपीटर कुठे बसवतात, यात फारसा फरक का नसतो हे इथे कळतं. दोघांनाही दूरवरचं दिसायला हवं असतं. रिपीटर म्हणजे उंचावरचा असा संच, जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा बोलतो. 2 मीटरच्या पट्ट्यात हा फरक बहुधा 600 किलोहर्ट्झ असतो. तो आणि बरोबरचा टोन संचात भरला नाही, तर रिपीटर तुम्हाला ऐकूच घेत नाही.

पण बघा, सूत्राला मधली टेकडी दिसत नाही. ते काम चाचणीचं. नवा संच आला की आधी ॲंटेना घट्ट बसवायची. तिच्याशिवाय बोलायचं बटण दाबलं तर आतला भाग जळू शकतो. मग फ्रिक्वेन्सी आपल्या पट्ट्यात आहे ना, हे पाहायचं. स्वस्त संच पट्ट्याबाहेरही प्रक्षेपण करतात, आणि 156.8 मेगाहर्ट्झ हा समुद्रावरच्या बोटींचा संकटाचा चॅनेल आहे. तिथे आपली 'हॅलो, हॅलो' करमणूक कुणाच्या तरी जिवावर बेतेल. मग थोडा वेळ नुसतं ऐकायचं. मग आपलं कॉल साइन सांगून, कमी पॉवरवर बोलायचं.

खरी चाचणी यानंतर सुरू होते. एकाने पेणला थांबायचं, दुसऱ्याने वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड असं करत रोह्याला जायचं. प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी हव्यात: मला ते ऐकू आले का, आणि त्यांना मी ऐकू गेलो का. दोन्ही एकच असतं असं नाही. कुठे पन्नास पावलं सरकल्यावर आवाज आला, कुठे गच्चीवर जावं लागलं, बॅटरी किती तास टिकली, सगळं वहीत लिहायचं.

हे सगळं परवाना असेल तरच, बरं का. 1978 च्या नियमांनुसार परीक्षा द्यावी लागते. वयाची 12 वर्षं पूर्ण असली की देता येते. अट जाचक वाटेल, पण परीक्षेच्या निमित्ताने माणूस शिस्तीत बोलायला शिकतो.

26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा अंदमानात फोन बंद पडले. भारती प्रसाद या हॅम आपल्या चमूबरोबर हौशी संपर्कासाठी आधीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. संच मांडलेले होते, जगभर बोलून झालेलं होतं. म्हणून संकटाच्या दिवशी त्यांच्याकडून निरोप जाऊ शकले. लाट आल्यावर खोकं उघडून हे झालं नसतं.

तेव्हा ज्यांनी संच घेतला आहे त्यांनी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, एक रविवार काढावा. पेण ते रोहा, वही आणि पेन्सिल घेऊन. आणि त्या वहीची एक प्रत गावातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवावी, कारण पुराच्या रात्री तुम्ही स्वतः गावात असालच असं नाही.