इटलीत ३ लीग जिंकून दिल्या, तरी त्याच इटलीने देश सोडायला लावलं : आर्पाद वाइस यांची गोष्ट

मिलानचं सान सिरो स्टेडियम फुटबॉलप्रेमींना वेगळं सांगायला नको. त्याचं अधिकृत नाव आहे ज्युसेप्पे मेआत्झा स्टेडियम. मेआत्झा म्हणजे १९३४ आणि १९३८ चा वर्ल्ड कप जिंकलेला इटलीचा स्टार. पण त्याला सतराव्या वर्षी इंटरच्या मुख्य संघात आणणारा कोच मात्र पुढे अनेक दशकं विस्मरणात गेला होता.

त्या कोचचं नाव आर्पाद वाइस.

हंगेरीतून इटलीत

वाइस यांचा जन्म १८९६ साली हंगेरीतल्या सोल्त गावात, एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात ते लढले आणि इटालियन सैन्याचे युद्धकैदी झाले. युद्धानंतर ते फुटबॉलमध्ये रमले. लेफ्ट विंगला खेळायचे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी हंगेरीच्या संघात त्यांची निवड झाली होती.

हंगेरीत १९२६ पर्यंत व्यावसायिक फुटबॉलला परवानगी नव्हती. त्यामुळे तिथले अनेक खेळाडू आणि कोच बाहेरच्या देशात जायचे. वाइसही चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोमार्गे इटलीत आले. आधी अलेस्सांद्रिया, मग इंटर. दुखापतीमुळे खेळणं थांबलं आणि १९२६ मध्ये ते इंटरचे कोच झाले.

कोच म्हणून कमाल

१९२९-३० मध्ये इटलीची लीग एका गटात खेळवली गेली. हीच आजची सेरी ए. ती पहिली लीग वाइस यांच्या इंटरने जिंकली. फॅसिस्ट राजवटीत या क्लबला 'अम्ब्रोसियाना' हे नाव घ्यावं लागलं होतं. तेव्हा वाइस होते फक्त ३४ वर्षांचे. त्याच वर्षी फुटबॉलच्या तंत्रावरचं त्यांचं पुस्तकही आलं.

पुढे ते बोलोन्याला गेले. युव्हेंटसने सलग ५ वेळा लीग जिंकली होती. ती मालिका बोलोन्याने १९३६ मध्ये मोडली आणि १९३७ मध्ये पुन्हा लीग जिंकली. त्याच वर्षी पॅरिसच्या स्पर्धेत त्यांनी फायनलमध्ये इंग्लंडच्या चेल्सीला ४-१ ने हरवलं.

आणि मग कायदा आला

सप्टेंबर १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वटहुकूम काढला. १९१९ नंतर इटलीत आलेल्या परदेशी ज्यूंनी ६ महिन्यांत देश सोडायचा. वाइस यांना सीझन सुरू असतानाच क्लब सोडावा लागला. त्या सीझनची लीगही बोलोन्यानेच जिंकली, पण तेव्हा कोच दुसरा होता.

पत्नी एलेना आणि दोन मुलांना घेऊन ते पॅरिसला आणि तिथून नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्तला गेले. तिथल्या छोट्या क्लबलाही त्यांनी लीगमध्ये पाचव्या नंबरवर नेलं. पण १९४० मध्ये जर्मन सैन्य तिथेही पोहोचलं.

१९४२ मध्ये सगळ्या कुटुंबाला अटक झाली. ऑक्टोबरमध्ये एलेना, १२ वर्षांचा रोबेर्तो आणि ८ वर्षांची क्लारा यांना आउश्वित्झच्या गॅस चेंबरमध्ये मारण्यात आलं. वाइस यांना आधी मजुरीला जुंपलं गेलं. ३१ जानेवारी १९४४ रोजी आउश्वित्झमध्येच त्यांचा मृत्यू झाला.

६० वर्षांनी आठवण

२००७ मध्ये इटालियन पत्रकार मात्तेओ मारानी यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर कुठे इटलीला आपल्या या कोचची आठवण झाली. आज बोलोन्याच्या स्टेडियममधल्या एका स्टँडला वाइस यांचं नाव आहे. आणि ज्या सान सिरोला मेआत्झाचं नाव आहे, तिथे त्याच्या या गुरूच्या नावाची पाटीही लागली आहे.