कॅम्पर व्हॅनचा जन्मदाखला

बेन पॉन हा डच व्यापारी. फोक्सवॅगनच्या गाड्या हॉलंडमध्ये नेऊन विकण्याच्या खटपटीत तो असताना जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात त्याला एक विचित्र वाहन दिसले. बीटल गाडीच्या सांगाड्यावर सपाट पाट टाकून कामगारांनी आतल्या आत सामान हलवण्यासाठी ते तयार केले होते. २३ एप्रिल १९४७ रोजी पॉनने आपल्या वहीत एक रेखाचित्र काढले. पावाच्या लादीसारखे अंग, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे. त्या चित्रातून निघालेली व्हॅन ८ मार्च १९५० पासून कारखान्याबाहेर पडू लागली. बीटल ही टाइप १, म्हणून ही टाइप २. १९५६ मध्ये तिच्यासाठी हॅनोव्हरला वेगळा कारखाना उभा राहिला.

आपल्याकडे ही गाडी लोकांना आठवते ती हिप्पींमुळे. लंडन किंवा अॅमस्टरडॅमहून निघायचे, इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, लाहोर करत दिल्लीला यायचे आणि थंडीत गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर तळ ठोकायचा, हा तेव्हाचा रस्ता. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. फुलाफुलांची चित्रे काढलेली व्हॅन तेवढी सिनेमात आणि टी-शर्टवर उरली.

मी वाहनांचा जाणकार नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. पण माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आहे. त्याने एका जुन्या फोक्सवॅगन कॅम्परचे फोटो पाठवले आणि विचारले, "सर, विकणारा म्हणतो की ही कारखान्यातूनच अशी निघाली. तुम्ही इतिहासाची साधने तपासायला शिकवलं होतंत, मग हे कसं तपासायचं?" प्रश्न मला आवडला. महिनाभर वाचत बसलो. जे हाती लागले ते इथे मांडतो, कारण यात प्रश्न गाडीपुरता नाही आणि पैसेही थोडेथोडके नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. 'कॅम्पर' हा फोक्सवॅगनने एका साच्यातून काढलेला प्रकार नव्हता. हॅनोव्हरचा कारखाना मूळ गाडी बनवत असे. बिनखिडक्यांची मालवाहू व्हॅन, खिडक्या असलेली कोंबी, बसायला बरी अशी मायक्रोबस आणि सर्वांत थाटाची डीलक्स मायक्रोबस, जिला आज लोक 'सांबा' म्हणतात. (सांबारशी काही संबंध नाही. वर्गात हा विनोद हमखास झाला असता.) आत पलंग, कपाट, शेगडी, पाण्याची टाकी बसवण्याचे काम दुसऱ्यांचे. त्यात सर्वांत नाव झाले ते वेस्टफालियाचे. व्हीडेनब्रुक गावात १८४४ साली लोहारकामाच्या भट्टीपासून सुरू झालेली ही कंपनी. १९५१ मध्ये तिने 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. तो काढता-घालता येई. सोमवार ते शनिवार गाडी माल वाही, रविवारी तीच घर होई. इंग्लंडमध्ये डेव्हन, डॉर्मोबिल, डॅनबरी अशी इतर नावे होती. शिवाय घरच्या घरी प्लायवूड ठोकून पलंग करणारे हजारो. गोव्यापर्यंत आलेल्या कित्येक गाड्या याच जातीच्या.

म्हणजे 'मूळ' शब्दाखाली तीन प्रश्न लपलेले आहेत. हॅनोव्हरमधून ती कोणती गाडी म्हणून निघाली? कोणती जादा सामग्री घेऊन निघाली? आणि आतले घर कोणी, कधी बांधले? विकणारा सहसा या तिन्हींची एकच गाठ मारून देतो.

पहिल्याचे उत्तर चेसिस क्रमांकात असते. तो इंजिनाच्या कप्प्यात, उजव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. ऑगस्ट १९६४ पासूनचे क्रमांक बोलके आहेत. पहिले दोन आकडे प्रकार सांगतात, तिसरा मॉडेलचे वर्ष. २१ म्हणजे मालवाहू, २२ मायक्रोबस, २३ कोंबी, २४ डीलक्स, २६ पिकअप, २७ रुग्णवाहिका. तेव्हा २३५ ने सुरू होणारी गाडी ही १९६५ मॉडेलची कोंबी. तिच्या छताला आज कितीही खिडक्या असोत, जन्माने ती सांबा नाही. वेस्टफालियाचे पुष्कळ कॅम्पर मुळात कोंबीच होते, त्यामुळे कॅम्परवर २३ दिसला तर दचकायचे कारण नाही. १९६४ च्या आधीचे क्रमांक मात्र मुके. त्यांत नुसता अनुक्रम आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक छोटी पत्र्याची पट्टी शोधावी लागते. तिला जाणकार एम-प्लेट म्हणतात. तिची जागा वर्षांप्रमाणे बदलत गेली. १९६७ नंतरच्या, पुढे एकसंध काच असलेल्या गाड्यांत ती बऱ्याचदा पुढच्या सीटमागच्या पत्र्यावर सापडते. त्यावर चेसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे, रंगाचा आणि आतल्या कापडाचा संकेत, बांधणीची तारीख, गाडी कोणत्या देशात वा बंदरात जायची त्याची अक्षरे, आणि तीन-तीन आकड्यांचे एम-कोड असतात. प्रत्येक कोड म्हणजे एक जादा सामग्री. ०८९ असेल तर पुढची काच लॅमिनेटेड, ६१६ असेल तर मागे जाताना लागणारे दिवे. हे वाचताना मला हस्तलिखितांचा तरकीमा आठवत होता. जुन्या उर्दू-फारसी हस्तलिखितांच्या शेवटी कातिब स्वतःचे नाव, तारीख, गाव लिहून ठेवतो. जिल्द नवी असू शकते, सोनेरी वेलबुट्टी मागाहून काढलेली असू शकते, पण त्या चार ओळी सांगतात की ग्रंथ कुणाच्या हातचा. अर्थात खोटे तरकीमे असतात, तशा नव्या छापलेल्या एम-प्लेटही बाजारात मिळतात. म्हणून पट्टीवरचे आकडे इंजिनाच्या कप्प्यातल्या आकड्यांशी जुळवायचे, पट्टीचे रिव्हेट नवे तर नाहीत ते पाहायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण खरी सांबा लिलावात दोन लाख डॉलरच्या पुढे गेलेली आहे आणि साधी कोंबी तिच्या जवळपासही पोचत नाही. सांबाच्या छताच्या कडांना दोन्ही बाजूंनी चार-चार लहान खिडक्या, मधे उघडणारे कापडी छत, दुरंगी रंग आणि चकचकीत पट्ट्या. मागच्या कोपऱ्यांतल्या वळणदार काचा धरून एकूण २३ खिडक्या होत. ऑगस्ट १९६३ मध्ये मागचे दार रुंद झाले, कोपऱ्यातल्या काचा गेल्या आणि २१ उरल्या. गंमत अशी की छतावरच्या खिडक्या नसलेली डीलक्सही कारखाना बनवत असे, म्हणजे खिडक्या मोजूनही निकाल लागत नाही. दुसरीकडे ब्राझीलमध्ये जुन्या आकाराची व्हॅन १९७५ पर्यंत बनत राहिली. तिथल्या साध्या गाड्या युरोपात आणून, छत कापून, तयार मिळणारे खिडक्यांचे तुकडे जोडून सांबा केल्या गेल्या.

माझे मन इथे अडते. कोंबी ही गवंड्याची, सुताराची, दूधवाल्याची गाडी होती. मागे छताला आतून अस्तर नाही, उघडा रंगवलेला पत्रा, खाली रबराची चटई, बाके काढता येणारी. सकाळी मजूर, दुपारी सिमेंट. युद्धानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या जर्मनीची कामे अशा गाड्यांनी ओढली. तिचे छत कापून तिला सहलीची सांबा केली की एक खोटी सांबा वाढते, ते सोडा. एक खरी कोंबी कायमची जाते. श्रीमंताची वस्तू जपली जाते आणि कष्टकऱ्याची वस्तू श्रीमंताच्या वस्तूसारखी दिसावी म्हणून मोडली जाते. आपल्या गावोगावच्या जुन्या वाड्यांच्या आणि कोष्ट्यांच्या मागांच्या बाबतीत हे मी पाहिले आहे. हौशी लोकांनी नवा रंग द्यावा, नवी गादी घालावी, माझी हरकत नाही. पत्रा कापू नये.

पत्रा कापला असेल तर तोही बोलतो. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग म्हणजे ठरावीक अंतरावर गोल ठिपके. हाताने केलेला जोड ओबडधोबड लांब असतो किंवा पुटीखाली दडवलेला. डॅशबोर्डच्या मागे, अस्तराखाली, जादा चाकाच्या जागेत मूळ रंग राहून जातो. तो पट्टीवरच्या संकेताशी जुळला पाहिजे. आणि वेस्टफालियाचे कपाट जिथे होते तिथे फरशीच्या पत्र्यात स्क्रूची भोके असणारच, कपाट कधीचे फेकले गेले असले तरी. वेस्टफालियाच्या आतल्या बांधणीलाही क्रमांक असत, साठच्या दशकात एसओ-२३, ३३, ३४, ३५, पुढे ४२ आणि ४४. ३५ ची कपाटे लाकडी, ३४ ची फिक्या लॅमिनेटची. भोकांची जागा आणि कपाटांची ठेवण यांवरून कोणता संच होता हे जाणकार ओळखतात.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचा क्रमांक २१ ने सुरू होत होता. म्हणजे बिनखिडक्यांची मालवाहू व्हॅन, खिडक्या मागाहून कापलेल्या. फरशीतली भोके कोणत्याच वेस्टफालिया संचाशी जुळत नव्हती. आतला पलंग कुण्या हौशी सुताराचा असावा, काम मात्र नेटके होते. मी त्याला लिहिले की गाडी आवडली असेल तर घे, पण मालवाहू व्हॅनच्या भावात घे, आणि सुताराचा पलंग काढू नकोस.

मुक्या क्रमांकाच्या गाड्यांसाठी शेवटचा दरवाजा वोल्फ्सबुर्गचा. तिथले फोक्सवॅगनचे संग्रहालय कारखान्याच्या नोंदींवरून गाडीचा जन्मदाखला देत आले आहे. चेसिस क्रमांक कळवायचा, शुल्क भरायचे. त्यात प्रकार, मूळ रंग, बांधणीची तारीख, सामग्री आणि गाडी कोणत्या देशी रवाना झाली ते मिळते. नंतर कुणी स्वतंत्र विकत घेऊन कॅम्पिंग बॉक्स बसवला असेल तर त्याची नोंद त्यात नसते. त्यासाठी पुन्हा खाली वाकून फरशीतली भोकेच मोजावी लागतात.